गिरणीतले परीक्षक

टीव्हीवर आजवर जेवढी माणसं गायली असतील, त्या सगळ्यांना आमच्या दाजींनी एकदा तरी नापास केलेलं आहे. यात अतिशयोक्ती असेल तर ती पसाभर, जास्त नाही. तिकडं मुंबईच्या झगमगत्या स्टेजसमोर बसलेले नामवंत परीक्षक एखाद्या पोरावर खूश होऊन उभे राहायचे, डोळे पुसायचे, आणि इकडं कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, भुवयांपर्यंत पिठानं पांढरे झालेले दाजी हात झटकून म्हणायचे, "भरडा हाय. परत दळाय पायजे." मग तो पोरगा सगळ्या महाराष्ट्राच्या गळ्यातला ताईत का असेना, दाजींच्या घरी त्याचा निकाल लागलेला असे, आणि त्या निकालावर अपील नव्हतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे कोडोलीचे. भावाभावांत शेती पुरेना म्हणून कोल्हापुरात आले, पिठाची गिरण घातली आणि गिरणीमागच्या दोन खोल्यांत माझ्या ताईला संसाराला आणलं. आम्ही बहिणी गगनबावड्याच्या, म्हणजे निम्मं आयुष्य पावसात भिजलेल्या आणि उरलेलं वाळत घातलेल्या. मी शिकायला म्हणून ताईकडं राहायला आले तेव्हा जुलैतसुद्धा कोरडं अंथरूण मिळतं एवढ्यावरच मी कोल्हापूरवर खूश झाले होते. पुढं मला इथल्याच शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, घरही दोन गल्ल्या सोडून मिळालं. पण संध्याकाळी गिरणीकडं एक चक्कर टाकल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखं वाटत नसे. मेव्हणीला दाजींची चेष्टा करण्याचा हक्क असतो, आणि मी तो हक्क कधी वाया घालवला नाही. ते मला 'मास्तरीणबाई' म्हणत. मी उंबऱ्यात दिसले की "आली तपासणी" म्हणून ओरडत. ओरडत म्हणजे बोलतच. दाजी रागावलेत की नुसते बोलतायत हे कळायला त्यांच्या तोंडाकडं बघावं लागे.

याला कारण गिरण. पट्टा फिरायला लागला की त्या खोलीत माणसानं माणसाशी बोलायचं ते कानाला तोंड लावूनच. त्या घरघरीत दाजींची सगळी तरणी वर्षं गेली आणि धान्याबरोबर गिरणीनं त्यांचे कानही थोडे थोडे दळून नेले. गंमत अशी, की जाड आवाज त्यांना लख्ख ऐकू यायचे. एस.टी.चा हॉर्न, तालमीतला शड्डू, गल्लीतल्या भांडणाचा पहिला शब्द, यातलं काही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. गेले होते ते बारीक आवाज. ताईच्या बांगड्या, फोनची घंटी, पाखरं, कुकरची शिटी. ताई आंघोळीला जाताना सांगून जायची, तीन शिट्या झाल्या की गॅस बंद करा. ती बाहेर येईपर्यंत भाताचा कोळसा झालेला असे आणि दाजी त्याच्या शेजारी शांतपणे पेपर वाचत बसलेले असत. शिट्या झाल्याच नाहीत, असं ते शपथेवर सांगत. हल्लीचे कुकरच बाद निघतात असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा त्यांनी भांड्याच्या दुकानदाराला फैलावर घेऊन आधी नवी शिटी, मग नवी रिंग आणि शेवटी नवा कोरा कुकर आणला. त्याही कुकरनं त्यांना शिटी ऐकवली नाही. कान दाखवून घ्या म्हटलं की उखडायचे. "मला सगळं ऐकू येतंय. तुमीच बारीक बोलालाय." आणि मग जरा आवाज उतरवून, म्हणजे साधारण समोरच्या घरापर्यंत जाईल इतका ठेवून, ताईला म्हणायचे की गिरणवाला भैरा झाला असं एकदा पेठेत पसरलं की दळणं पलीकडच्या गल्लीत जातील. दगड नीट चाललाय का नाही हे ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडं गहू कोण टाकणार? हे बोलणं खरं होतं, म्हणून आम्ही तो विषय सोडून देत असू.

आता अशा माणसाला गाण्याच्या स्पर्धेचं वेड लागावं हा देवाचा विनोद म्हणायचा. नव्वदच्या दशकात केबल आली आणि तिच्याबरोबर हिंदीतली ती गाण्याची स्पर्धा आली, तेव्हापासून हे सुरू झालं. पुढं मराठी वाहिनीनं तशीच स्पर्धा काढली आणि दाजी पुरते कामातून गेले. स्पर्धेच्या दिवशी आठच्या आत पट्टा बंद. दळण अर्धं राहिलं तरी बंद. बायका डबे घेऊन आलेल्या असत, त्यांना सांगण्यात येई की पीठ गाणं झाल्यावर मिळेल, बसा. त्यामुळं ताईच्या पुढच्या खोलीत चटयांवर दळणाला आलेल्या सगळ्या बायका, त्यांची पोरं, समोरचे रिटायर हेडमास्तर आणि मी, अशी सभा भरे. दाजी मात्र आमच्यात बसत नसत. त्यांची लोखंडी खुर्ची टीव्हीला अगदी चिकटून, बाजूला असे, आणि त्यांचा डावा पंजा टीव्हीच्या डोक्यावर ठेवलेला असे. गिरण चालू असताना त्यांचा हात असाच तिच्या अंगावर असायचा. पीठ कसं पडतंय हे त्यांना हाताला कळतं असं ते म्हणत. टीव्हीचंही तसंच, असा त्यांचा हिशेब. लांबून बघणाऱ्याला वाटावं की हे टीव्हीला आशीर्वाद देतायत, किंवा त्याला ताप आलाय का बघतायत. तिथून चित्र धड दिसत नसे, म्हणून मान वाकडी करून ते पडद्याकडं बघत आणि गाणाऱ्याची परीक्षा घेत.

परीक्षा मुख्यतः डोळ्यांनी. गाताना गळ्याची शीर फुगली पाहिजे, जबडा उघडला पाहिजे, घाम आला पाहिजे. घाम न येता गायलेलं गाणं त्यांना आयतं वाटे. जाड्या, खर्जातल्या आवाजाचा कुणी आला की दाजींचा चेहरा उजळायचा. "ह्यो शाळवाचा आवाज. भाकरी टम्म फुगणार बघा." दोन-तीन गाण्यांची मोडतोड करून कुणी एकच गाणं केलं की, "भाजणी केली काय रं?" सूर हलला की दगड झिजलाय, टाकी लावून खाचा पाडायला हव्यात. आणि एखादी बारीक, गोड आवाजाची मुलगी डोळे मिटून हळुवार काही म्हणायला लागली की दाजी टीव्हीवरचा हात उचलून बघायचे, परत ठेवायचे आणि जाहीर करायचे की ही नुसती तोंड हलवतीय. पडद्यावर परीक्षक त्या मुलीला वाहवा देत असताना दाजी आमच्याकडं वळून विचारायचे, की हिला पास करायला ह्यांना काय जेवायला घातलंय हिनं? आम्ही हसून लोटपोट होत असू. हेडमास्तर एकटे हसत नसत. ते सभ्यपणे खाकरून सांगत, की फार सुरेल होतं हो. दाजी त्यांना उदार मनानं क्षमा करत, कारण हेडमास्तरांना पोळी आणि भाकरी नुसती खायला माहीत आहे, असं त्यांचं मत होतं.

एक जाडजूड पोरगा होता, विदर्भातला. आवाज असा की पडद्याला हादरा बसावा. सुरात असायचा की नाही हा वेगळा विषय, पण दाजींचा जीव त्याच्यावर जडला. तो गायला लागला की हाताखाली टीव्ही थरथरायचा आणि दाजी डोळे मिटून माना डोलवायचे. तो तिसऱ्याच आठवड्यात बाहेर पडला. निवेदिका, जिचं काम हसणं एवढंच होतं, त्या रडवेल्या पोराला विचारायला लागली की आत्ता कसं वाटतंय. दाजी उठून उभे राहिले. "तुझं घर पेटल्यावर येतो की तुला इचाराय, कसं वाटतंय म्हणून." मग त्या पोराकडं वळून, आवाज हळवा करून म्हणाले, की बाळा, तिथं थांबू नकोस, सरळ कोल्हापूरला ये, तांबडा-पांढरा रस्सा वरपून जा, ह्या मुंबईवाल्यांनी तुला जेवायलासुद्धा घातलेलं दिसत नाही. तो पोरगा शंभरेक किलोचा सहज असेल. पण दाजी त्या रात्री जेवले नाहीत आणि पुढचे दोन भाग त्यांनी टीव्हीकडं पाठ करून सुतक पाळलं.

यातूनच एसेमेसचं प्रकरण उद्भवलं. लोकांच्या मतांवर निकाल लागतो हे कळल्यापासून दाजींना आपला माणूस हरणं हा स्वतःचा आळस वाटायला लागला. त्यांना स्वतःला मोबाइलवर अक्षरं टाइप करता येत नव्हती. पण पेठेतलं प्रत्येक घर पीठ खातं आणि प्रत्येक घरात आता मोबाइल आहे, एवढा हिशेब त्यांनी बसवला. डबा न्यायचा असेल तर आधी मत. दळण तयार असायचं, डबा ओळीत दिसायचा, पण दाजींचा हात त्याच्या कडीवर असे आणि गिऱ्हाइकानं त्यांच्या डोळ्यांसमोर मेसेज पाठवल्याशिवाय ती कडी सुटत नसे. एकदा गल्लीतली एक नवी सून फोन घरी विसरून आली आणि पिठाशिवाय माघारी गेली. घरी पावणे बसलेले. तिची सासू कमरेला पदर खोचून आली, दाजींच्या समोर उभी राहिली आणि त्यांच्याच नाकासमोर त्या बारीक आवाजाच्या मुलीला मत देऊन डबा उचलून निघाली. दाजींनी तिला जाऊ दिलं. पुढच्या वेळी तिच्या गव्हाचं पीठ झालं नाही, रवा झाला.

या सगळ्या गदारोळात ताई भिंतीला टेकून झोपलेली असे. ताईला गाण्यात काडीचा रस नव्हता. दिवसभर उभं राहून काम केल्यावर बसायला मिळालं की तिचे डोळे मिटायचे, आणि कुणी हलवलं की कोल्हापुरी बायकांच्या पुरुषी थाटात म्हणायची, "झोपलो न्हाई बाई, डोळं मिटून ऐकालतो." मी तिला मुद्दाम विचारायची की कोण गायलं. ती म्हणायची, चांगलं गायलं की.

आणि या घरात, या दोघांच्या पोटी, स्नेहल जन्माला आली होती. माझी भाची. तिचा आवाज बारीक होता. नुसता बारीक नाही. मी गाण्यातली जाणकार नाही, पण तो आवाज कानावर पडला की हातातलं काम थांबायचं, एवढं मला सांगता येतं. शाळेत तिला प्रार्थनेला पुढं उभी करत. पेठेतल्याच एका बाईंकडं ती गाणं शिकायची, ते ताईनं लावून दिलं होतं, कारण पोरगी कुठंतरी गुंतलेली बरी. ती सहावीत असताना घरच्या गणपतीपुढं तिनं पहिल्यांदा सगळ्यांसमोर एक भजन म्हटलं. खोली भरलेली होती. दाजी शेजारी बसून एकटक तिच्या तोंडाकडं बघत होते. भजन संपल्यावर ते हसत म्हणाले, "गातीस का मनातल्या मनात जप करतीस? तोंड उघड की जरा." सगळे हसले. दाजींचं बोलणं म्हणजे हसायचंच, अशी सवय लागलेली होती. स्नेहलनं पेटी बाजूला सारली, आत जाऊन प्रसादाच्या वाट्या भरायला लागली, आणि त्या दिवसापासून ती बापासमोर गायली नाही.

दाजींना ते टोचलंच नाही, कारण त्यांच्या लेखी पोरगी गातच नव्हती. आणि तिच्या लेखी, सगळ्या देशातल्या गाणाऱ्यांना पास-नापास करणाऱ्या आपल्या बापानं आपल्याला पहिल्याच फेरीत घालवलं होतं. मी तिला किती वेळा सांगितलं की अगं, त्यांना कुकर ऐकू येत नाही, तुझं काय घेऊन बसलीस. ती म्हणायची, "मग टीव्हीतलं बरं ऐकू येतंय?" त्यावर माझ्याजवळ उत्तर होतं, पण सहावीतल्या पोरीच्या गळी उतरेल असं नव्हतं. ती रियाज करायची ती गिरण चालू असताना, मागच्या खोलीत दार लावून, म्हणजे कुणालाच ऐकू जाऊ नये. पण ते भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी जाईल याचा नेम नसे. पट्टा मंदावत थांबायचा, घरघर एकदम बंद व्हायची आणि त्या शांततेत मागच्या खोलीतून स्नेहलचा आवाज यायचा, कारण ती सुरात असायची आणि तिला थांबायचं भान नसायचं. दळणाला आलेल्या बायका हातात डबे धरून तशाच उभ्या राहायच्या. कुणी कुणाला गप्प बस म्हणायचं नाही, तरी सगळ्या गप्प. दाजी तेवढ्यात गिरणीचं तोंड उघडून दगडाला टाकी लावायला बसलेले असत आणि मान वर करून विचारत, "काय झालं गं बायांनो? जावा की घरला, लाइट आल्यावर या." लेकीचं गाणं एक बाप सोडून सगळ्या पेठेनं ऐकलेलं होतं.

ती अकरावीत असताना आमच्या भागातल्या केबलवाल्यानं टीव्हीवरच्यासारखीच गाण्याची स्पर्धा काढली. आमच्या पेठा, शिवाय पेठ वडगावपासून कोडोलीपर्यंतच्या गावांतली पोरं आली होती. स्नेहल गुपचूप नाव देऊन आली आणि अंतिम फेरीत पोहोचली. मला आणि ताईला माहीत होतं. दाजींना ते गिऱ्हाइकाकडून कळलं. मला वाटलं होतं, ते डबे अडवून मतं गोळा करायला लागतील. पण तसं झालं नाही. ते घाबरले. टीव्हीवर बाहेर पडलेली पोरं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली होती, त्यांच्यासाठी जेवण टाकलं होतं. आपली पोरगी नुसती तोंड हलवणार, परीक्षक तिला बोल लावणार आणि ती हसऱ्या बाईसमोर रडत उभी राहणार, हे त्यांना आत्ताच दिसायला लागलं. नाव काढून घे म्हणून सांगायला ते दोनदा मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. शेवटी मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमचं ऐकतीय ती. हसतील गं पोरीला." त्यांचे डोळे भरले होते. एरवी मी काहीतरी टोचलं असतं. तेव्हा एवढंच म्हटलं की दाजी, नाही हसणार कुणी.

अंतिम फेरीचं चित्रण त्याच आठवड्यात झालं, स्नेहल गाण्याच्या बाईंबरोबर जाऊन आली, आणि रविवारी संध्याकाळी ते दाखवणार होते. निकाल काय लागला ते स्नेहल कुणाला सांगेना. खोलीत माणसं मावेनात म्हणून दाजींनी टीव्ही उचलून गिरणीच्या ओट्यावर आणला. गल्ली भरली. रवा झालेली सासूबाईसुद्धा आपली खुर्ची घेऊन आली. दाजी नेहमीसारखे टीव्हीला चिकटून, हात त्याच्या डोक्यावर. स्नेहल माझ्यामागं दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती टीव्हीकडं बघतच नव्हती, बापाकडं बघत होती.

पडद्यावर तिचं नाव आलं, ती आली, पेटी वाजायला लागली आणि तिनं तोंड उघडलं. दाजींनी मान वाकडी केली. हात उचलला, परत ठेवला. मग आवाज वाढवला. आणखी वाढवला. टीव्ही फुटायची वेळ आली तेव्हा हेडमास्तर हात करून कमी करा, कमी करा म्हणायला लागले. दाजींना वाटलं तेही आवाज येत नाही असंच सांगतायत. त्यांनी टीव्हीच्या पाठीवर चापट मारली, मागची केबलची वायर हलवून बघितली. कुणीतरी जाऊन आवाज कमी केला. "आवाज गेलाय की ह्येचा," असं म्हणायला दाजी आमच्याकडं वळले आणि तसेच राहिले.

कारण गल्ली ऐकत होती. हेडमास्तरांनी डोळे मिटले होते. ती सासूबाई तोंडाला पदर लावून बसली होती. आणि आमची ताई, जिनं आयुष्यात एक गाणं जागेपणी पुरं ऐकलं नव्हतं, ती ताठ बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. दाजींनी एकेक चेहरा बघितला. सगळे बघून झाल्यावर परत एकदा पहिल्यापासून बघितले. मी त्यांच्याकडं बघत होते. माणसाला एखादी गोष्ट कळते ती कशी, हे मी वर्गात खूपदा बघितलंय, पण इतकी सावकाश कळताना तेवढी एकदाच बघितली. त्यांनी टीव्हीवरून हात काढून घेतला आणि तो दुसऱ्या हातात धरून बसून राहिले.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या. टाळ्या त्यांना ऐकू आल्या. मग सगळी गल्ली दाजींकडं वळली, कारण प्रत्येक गाण्यानंतर दाजींचा निकाल यायचा, तसा तो यायची सगळे वाट बघत होते. काहीतरी बोलून वेळ मारून नेणं त्यांना सहज जमलं असतं. लई भारी एवढे दोन शब्द पुरले असते. पण ज्या माणसानं उभ्या देशाला तोंडावर खरं सांगितलं, त्याला खोटं बोलता आलं नाही. ते स्नेहलकडं वळले आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, "मला न्हाई ऐकू आलं, बाळा."

दाजींनी आमच्याकडं हात केला. "पर ह्या सगळ्यास्नी आलं की."

स्नेहल पुढं आली. तिचा आवाज फुटत नव्हता, आणि नेमका तेव्हा तिला मोठ्यानं बोलायचं होतं. "मग तवा गणपतीत? तवाबी न्हवतं आलं?"

"न्हाई."

"म्हंजे मी वाईट गालतो असं न्हवतं?"

दाजी नुसतीच नाही, नाही अशी मान हलवत राहिले. त्या पोरीनं इतकी वर्षं उरात धरलेलं एकदम सोडून दिलं आणि बापाच्या पिठाळलेल्या शर्टात तोंड खुपसून ती रडली. तिला तिसरा नंबर मिळाला होता, तो कुणी बघितलाच नाही. दुसऱ्या दिवशी दळणं नेहमीसारखी आली. एकही डबा पलीकडच्या गल्लीत गेला नाही.

पुढं मीच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. यंत्र मिळालं. ते लावून दाजी पहिल्यांदा घरात आले तेव्हा ताईला म्हणाले की केवढा आवाज करता तुम्ही सगळी, एवढ्या दंग्यात मी राहत होतो व्हय? कुकरची शिटी झाल्यावर दचकून उभे राहिले. पण गिरणीत ते यंत्र सहन होईना, आणि गाणं त्यातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं यायचं. गेलेलं सगळं परत येत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दाजींनी स्नेहलला एकदा समोर बसवून गायला लावलं, शेवटपर्यंत ऐकलं, आणि ती उठून गेल्यावर मला म्हणाले की आवाज येतोय, पण तुम्हाला येतो तो हा नव्हे. मग ते यंत्र देवाच्या फोटोमागं जाऊन बसलं.

टीव्हीवरच्या स्पर्धा चालू राहिल्या. दाजींनी निकाल देणं मात्र बंद केलं. खुर्ची त्यांनी फिरवून घेतली. टीव्हीकडं पाठ करून ते आमच्याकडं तोंड करून बसायला लागले. कोण गातंय ते त्यांना बघायचं नव्हतं. आम्ही कसं ऐकतोय ते बघायचं होतं. पहिल्यांदा आम्हाला अवघडल्यासारखं झालं. एवढ्या जवळून कुणी तोंडाकडं बघत बसलं तर माणसानं ऐकायचं कसं? मग सवय झाली. ताई तर त्या दिवसापासून गाण्याला झोपली नाही. डोळे मिटायला आले की ती पाण्याचा हात फिरवून यायची आणि भिंतीचा आधार सोडून बसायची. गाण्यातलं तिला आजही काही कळत नाही. पण आपला चेहरा कुणाच्या तरी उपयोगाचा आहे हे तिला कळलं होतं, आणि तेवढ्यासाठी ती प्रत्येक गाणं मनापासून ऐकायची.

आता पाकिटातलं पीठ आलंय, गिरण दिवसातून थोडा वेळच चालते. स्नेहल लग्न होऊन पुण्याला गेली. गेल्या दिवाळीला ती आली होती तेव्हा दुपारी मी आणि दाजी ओट्यावर बसून शाळू निवडत होतो. ती मागच्या दारात केस विंचरत होती आणि विंचरता विंचरता आपल्याच नादात गुणगुणायला लागली. दाजींची तिच्याकडं पाठ होती. ते काहीतरी सांगत होते मला, कोडोलीच्या घराबद्दल, आणि बोलता बोलता थांबले. माझ्याकडं बघत राहिले.

"गालीय व्हय गं?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू.

मी मान हलवली.

"कसं गालीय?"

मला सांगायचं होतं. मी मास्तरीण, शब्दांची मला कधी वानवा पडली नाही. पण हातातला शाळू तसाच राहिला आणि मी ऐकतच राहिले.

दाजींनी माझ्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. "असू दे," ते म्हणाले, "कळलं." आणि सूप मांडीवर तसंच धरून, तिचं होईपर्यंत ते माझ्याकडं बघत बसले.